कॉलेजच्या पहिल्या वर्षाला येतोयस ना? मग आधी एवढंच कर

घाबरू नकोस, पहिला महिना सगळ्यांचाच गोंधळात जातो. हजेरी मात्र पहिल्या दिवसापासून सांभाळ, ७५ टक्के लागते. वाळपईहून पणजीला रोज ये-जा करणार असशील तर कदंबचा, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसचा, विद्यार्थी पास लगेच काढ.

सर्वांत मोठी चूक म्हणजे 'चवथ (गणेश चतुर्थी) झाली की अभ्यासाला लागू' हा विचार. मी तेच केलं. सुट्टी संपताच आयएसए, म्हणजे सेमिस्टरच्या मधली अंतर्गत परीक्षा, आली आणि वही कोरी! हे गुण निकालात धरतात रे, त्यामुळे रोजच्या नोट्स त्याच रात्री लिही.

इंग्रजीची धास्ती वाटते? मोडकंतोडकं बोल, पण वर्गात प्रश्न विचार. पुस्तकं विकत घेण्याआधी बसस्टँडजवळच्या पाट्टोवरचं कृष्णदास शामा ग्रंथालय बघ. क्रेडिटचं, म्हणजे प्रत्येक विषयाच्या भाराचं, गणित पुढच्या सेमिस्टरला समजावतो.