घोडा का अडला?
अश्वपालन : वाचकांची पत्रे आणि उत्तरे

मार्गशीर्षात सारंगखेड्याचा आणि माळेगावचा घोडेबाजार उरकला, की पौष-माघात या सदराकडे पत्रांचा ओघ सुरू होतो. नवा घोडा दारात उभा असतो, कौतुक ओसरलेले नसते आणि पहिली अडचण नुकतीच समोर आलेली असते. या वेळच्या पत्रांपैकी पाच निवडली आहेत.

प्रश्न : मी सासवडजवळ राहतो. डिसेंबरमध्ये सारंगखेड्याहून सहा वर्षांची मारवाडी घोडी आणली. सोमवार ते शनिवार मी नोकरीवर असल्याने ती तबेल्यातच बांधलेली असते. मोतद्दार (घोड्याची निगा राखणारा नोकर) तिला रोज चार किलो भिजवलेले हरभरे, दोन किलो गव्हाचा कोंडा आणि थोडे गवत घालतो. रविवारी मी तिला पंचवीस किलोमीटरच्या रपेटीला नेतो. गेल्या रविवारी अर्ध्या तासातच ती घामाने निथळू लागली, मागचे पाय ताठ झाले आणि ती पाऊल टाकेना. ती हट्ट करते आहे असे वाटून मी टाच मारत तिला घरापर्यंत आणले. संध्याकाळी तिची लघवी कोऱ्या चहासारखी दिसली. आता ती बरी वाटते. पुन्हा असे होऊ नये म्हणून काय करावे? — एक वाचक, सासवड

उत्तर : आपली घोडी हट्ट करत नव्हती, तिला चालणे अशक्य झाले होते. आपण सांगितलेली सर्व लक्षणे कंबरेचे आणि मागच्या पुठ्ठ्याचे स्नायू आखडून त्यांना इजा झाल्याची आहेत. इजा झालेल्या स्नायूंतील रंगद्रव्य रक्तात उतरते आणि मूत्रपिंडावाटे बाहेर पडते, म्हणून लघवी गडद होते. हेच रंगद्रव्य मूत्रपिंडाला बाधते. त्यामुळे घोडी वरकरणी बरी दिसत असली तरी पशुवैद्यकाकडून तिचे रक्त तपासून घ्यावे आणि स्नायूंची व मूत्रपिंडाची स्थिती पूर्ववत झाल्याचे कळेपर्यंत खोगीर चढवू नये. अशा वेळी घोड्याला जबरदस्तीने चालवणे ही सर्वांत मोठी चूक असते, आणि रागावू नका, पण ती आपल्याकडून झाली आहे. पुन्हा असे घडल्यास जागेवरच उतरावे, तंग (खोगीर आवळणारा पोटाखालचा पट्टा) सैल करावा, अंगावर झूल टाकावी, पाणी पाजावे, पशुवैद्यकांना तिथेच बोलवावे आणि घरी आणायचे ते वाहनातून.

युरोपात ओझी ओढणाऱ्या घोड्यांमध्ये हा विकार जुन्या काळापासून ठाऊक आहे आणि तिकडे त्याला सोमवारच्या नावाने ओळखत असत, कारण रविवारी घोडी विश्रांती घेत, दाणा मात्र कामाच्या दिवसाइतकाच खात आणि सोमवारी जुंपल्यावर अडत. आपल्याकडे सोमवारचा रविवार झाला, एवढाच फरक. भाकरी का करपली, पान का सडले, घोडा का अडला, हे कोडे आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी ऐकलेले आहे आणि ‘न फिरवल्यामुळे’ हे उत्तरही पाठ आहे. मात्र घोडा विकत घेताना ते कोणालाच आठवत नाही, असा माझा अनुभव आहे.

म्हणून आधी चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, कमी करा. बसून असलेल्या घोडीला रोज चार किलो हरभरे ही माया नव्हे. तिचे वजन साडेतीनशे किलो धरले, तर तिला वजनाच्या दोन टक्के, म्हणजे सात किलोच्या आसपास सुकी वैरण लागते. आपल्या पत्रात दाण्याचे वजन आहे, गवताचे मात्र ‘थोडे’, आणि गोम नेमकी तिथेच आहे. मोकळा घोडा दिवसातील चौदा-सोळा तास चरतो. त्याचे जठर शरीराच्या मानाने लहान असते, त्यात आम्ल अखंड स्रवत असते आणि त्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे एकदम पोटात गेलेला दाणा पुढे सरकतो तो पोटशूळाला आमंत्रण देतच. वैरण तीन-चार वेळा विभागून द्यावी, सर्वांत मोठा वाटा रात्रीचा ठेवावा. घोडी कामावर नसेल त्या दिवशी हरभरे अर्ध्या किलोवर आणावेत किंवा बंदच करावेत, आणि बदल आठ-दहा दिवसांत हळूहळू करावा. कोंड्यात स्फुरद भरपूर आणि चुना अत्यल्प असतो, म्हणून रोजचा दोन किलो कोंडा हाडांच्या दृष्टीनेही योग्य नाही. रोज तीसेक ग्रॅम साधे मीठ द्यावे.

दुसरे, मोतद्दाराला सांगून घोडीला रोज सकाळ-संध्याकाळ किमान अर्धा तास हाताने फिरवावे आणि शक्य असल्यास कुंपण घातलेल्या आवारात दिवसभर मोकळे सोडावे. पशुवैद्यकांनी परवानगी दिल्यावर रपेट पाच किलोमीटरपासून सुरू करावी, त्यातही पहिली वीस मिनिटे केवळ चालीत काढावीत, आणि पंचवीस किलोमीटरचा विचार उन्हाळ्यानंतर करावा. एवढे करूनही त्रास पुन्हा झाला, तर काही घोड्यांत हा दोष आनुवंशिक असतो हे लक्षात घेऊन पशुवैद्यकांशी त्या दिशेने बोलावे.

प्रश्न : आमच्याकडे भीमथडी घोडी आहे. मी तिच्यावर रोज बसते आणि ती छान चालते. माझ्या यजमानांनाही आता हौस आली आहे. त्यांचे वजन 82 किलो आहे. मराठ्यांनी याच घोड्यांवरून मुलूख जिंकला, मग मला काय होते, असे त्यांचे म्हणणे आहे. — एक वाचक, बारामती

उत्तर : आपल्या यजमानांचा इतिहासाचा अभिमान योग्य आहे, हिशेब मात्र करून पाहावा लागेल. वजनकाटा नसला तरी टेपने घोड्याचे वजन काढता येते. पुढच्या पायांच्या मागून, तंग बसतो तिथून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजावा, त्याचा वर्ग करावा, त्याला खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंतच्या लांबीने गुणावे आणि 11,880 ने भागावे. घेर 150 आणि लांबी 135 असेल, तर उत्तर सुमारे 256 किलो येते. स्वार, खोगीर आणि बरोबरचे सामान मिळून घोड्याच्या वजनाच्या एक पंचमांशाहून अधिक भार नसावा, असा सर्वसाधारण दंडक आहे. या घोडीसाठी तो 51 किलो होतो. खोगीरच सात-आठ किलोचे असते.

भीमथडी घोडे काटक असतात यात शंका नाही. भीमेच्या खोऱ्यातील धनगर बांधव आजही स्थलांतरात त्यांच्यावर बिऱ्हाड लादून शेकडो किलोमीटर जातात. पण त्या प्रवासात ती पायी चालणाऱ्या कळपाच्या गतीने, थांबत-चरत चालतात आणि माणसे बहुधा शेजारून चालतात. यजमानांनी घोडीचा लगाम हाती धरून रोज चार किलोमीटर तिच्याबरोबर चालावे. घोडीला व्यायाम होईल, आणि त्यांनाही.

प्रश्न : यंदा गवत महाग झाले आहे. शेतात ज्वारी आहे. घोड्याला हिरवी ज्वारी आणि कडबा चालतो का? — एक वाचक, कर्जत (अहिल्यानगर)

उत्तर : कोवळी ज्वारी जनावरांना लागते हे शेतकऱ्याला सांगायला नको. गुडघाभर उंचीची, पाण्याअभावी खुरटलेली किंवा कापणीनंतर बुडातून पुन्हा फुटलेली ज्वारी सायनाइडमुळे घातक असते. घोड्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, ती गायी-म्हशी पाळणाऱ्यांना सहसा ठाऊक नसते. हिरव्या ज्वारीवर काही आठवडे सतत चरलेल्या घोड्यांचे मागचे पाय लटपटू लागतात, मूत्राशय निकामी होऊन लघवी ठिबकत राहते, आणि एकदा झालेले हे नुकसान क्वचितच भरून येते. म्हणून शेजारच्या म्हशीला चालते या भरवशावर घोड्याला हिरवी ज्वारी घालू नये.

पक्व होऊन नीट वाळलेला कडबा हा निराळा विषय आहे. तो निम्म्या वैरणीपुरता चालेल. मात्र त्यात सत्त्व कमी आणि चोथा जाड असल्याने जोडीला थोडा लसूणघास द्यावा, पाणी समोर सतत ठेवावे, आणि अवकाळी पावसात भिजून काळा पडलेला कडबा कितीही झटकला तरी घोड्यापुढे टाकू नये. बुरशी लागलेला मका त्याहूनही वाईट, कारण त्यातील विष घोड्याच्या मेंदूवर घाला घालते आणि त्यावर औषध नाही.

प्रश्न : आम्ही कोल्हापूरचे चौघे घोडेमालक फेब्रुवारीअखेर पन्हाळ्याहून विशाळगडाच्या दिशेने तीन दिवसांची रपेट करणार आहोत. एकाची घोडी लाथा मारते. काय काळजी घ्यावी? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : बेत उत्तम आहे आणि दिवसाला वीस किलोमीटर हे अंतरही बेताचे आहे. मात्र 1660 मध्ये शिवाजी महाराज या वाटेने गेले ते आषाढात, जागोजागी पाणी असताना. आपण निघाल तेव्हा अनेक ओढे आटलेले असतील. प्रत्येक घोड्याला दिवसाकाठी तीस-चाळीस लिटर पाणी लागते, तेव्हा आठवडाभर आधी एकाने दुचाकीवरून जाऊन कोणत्या वाडीत पाणी मिळेल ते पाहून यावे. तापलेल्या घोड्याला पाणी पाजू नये हा समज अजून पक्का आहे, पण वाटेत पाणी लागेल तिथे घोड्याला पिऊ द्यावे आणि मग चालीत पुढे न्यावे. तहानलेला ठेवलेला घोडा मुक्कामावर पोटशूळाने लोळण्याचा धोका अधिक असतो.

मसाईच्या पठारावर जांभा दगड आहे आणि तो खुरे कानशीसारखी झिजवतो. नालबंदी निघण्याच्या आठवडाभर आधी करावी, आदल्या दिवशी नव्हे, म्हणजे एखादा खिळा टोचत असेल तर घरीच कळेल. उतारावर खाली उतरून पायी चालावे, आणि उतरण्यापूर्वी तंग तपासावा, कारण चढावर पोट आवळून सैल झालेले खोगीर उतारावर मानेकडे सरकते. पावनखिंडीत उतरणारी वाट माणसाच्या पायांची आहे. तिथे घोडी वरच कोणाच्या तरी ताब्यात ठेवावीत. जिथे वाट वनखात्याच्या हद्दीतून जाते, तिथली परवानगी आधी लेखी घ्यावी.

लाथा मारणारी घोडी नेहमी सर्वांच्या मागे ठेवावी आणि तिच्या शेपटीला लाल फीत बांधावी. ही खूण अनेक देशांतील स्वारांना परिचित आहे. दोन घोड्यांत एका घोड्याच्या लांबीएवढे अंतर राहिले पाहिजे. एक जण दुडक्या चालीने निघाला की बाकीचे उधळतात, म्हणून चाल बदलण्यापूर्वी पुढच्याने मागे हाक द्यावी आणि सर्वांत हळू घोड्याचा वेग तोच सर्वांचा वेग मानावा. थांबल्यावर जबड्याखाली बोट ठेवून नाडी मोजावी. शांत घोड्याची नाडी मिनिटाला 28 ते 44 असते. दहा-पंधरा मिनिटांच्या विश्रांतीनंतरही ती साठच्या खाली येत नसेल, तर त्या घोड्याचा त्या दिवसाचा प्रवास तिथेच संपवावा.

एका धोक्याबद्दल पाश्चात्त्य पुस्तकांत फारसे काही सापडत नाही, तो म्हणजे आग्या मोहोळ. या दिवसांत सह्याद्रीच्या कड्यांवर आणि मोठ्या झाडांवर पोळी असतात. धूर करू नये, अत्तरे लावू नयेत, आरडाओरडा करू नये. माश्या उठल्याच, तर बांधलेला घोडा सर्वांत आधी सोडावा. खुंटाला अडकलेले जनावर जागच्या जागी मरते, सुटलेले पळून वाचू शकते. म्हणूनच मुक्कामाला घोडा नेहमी ओढताच सुटणाऱ्या गाठीने बांधावा.

प्रश्न : माळेगावच्या यात्रेतून आणलेला घोडा घरच्या घोड्यांजवळ लगेच बांधावा का? आणि खुरात खिळा घुसल्यास काय करावे? — एक वाचक, लातूर

उत्तर : लगेच बांधू नये. नवा घोडा निदान तीन आठवडे वेगळ्या जागी, वेगळी बादली आणि वेगळा खरारा देऊन ठेवावा, रोज त्याचे तापमान पाहावे आणि रक्ताची तपासणी ग्लँडर्स व सर्रा या दोन्ही संसर्गजन्य रोगांसाठी करून घ्यावी. सर्रा चावऱ्या माश्यांमुळे पसरतो आणि वेळेत कळल्यास त्यावर औषध आहे. ग्लँडर्स माणसालाही होतो. घोड्यात तो निश्चित झाल्यास जनावरांच्या संसर्गजन्य रोगांना आळा घालणाऱ्या 2009 च्या कायद्यानुसार ते जनावर नष्ट करावे लागते. नाकातून चिकट स्राव आणि अंगावर फुटणाऱ्या गाठी दिसल्यास घोडा विकून मोकळे होण्याचा विचारही करू नये आणि सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे.

खिळ्याबाबत थोडक्यात सांगतो. पशुवैद्यक तासाभरात येणार असतील आणि पाय वर धरून ठेवता येत असेल, तर खिळा तसाच राहू द्यावा, म्हणजे क्ष-किरणाने तो किती आणि कुठे गेला ते दिसेल. टेकल्यावर तो आणखी आत जाणार असेल तर काढावा, पण जागा आणि तिरकस कोन आधी मोबाइलवर टिपावा. घोडा धनुर्वाताला अतिशय लवकर बळी पडतो, म्हणून पूर्वी लस दिलेली आहे की नाही हे पशुवैद्यकांना पहिल्याच वाक्यात सांगावे. काढलेला खिळा फेकून देऊ नये. त्यांना दाखवण्यासाठी तो डबीत ठेवावा.