फायबरच्या होडीचा रंग उडालाय? डबा उघडण्याआधी हे बघा

राम राम भाऊ. तुमचा प्रश्न नीट वाचला. तापीवरच्या हतनूर धरणाच्या बॅकवॉटरला चालणारी १८ फुटी फायबरची होडी, पंधरा वर्षांपेक्षा जुनी, बाहेरून निळी. आता बाजू पांढरट पडल्यात आणि हात फिरवला की निळसर पावडर हाताला लागते. पेंटर म्हणतो ऑइल पेंट मारून देतो, फायबरवाला म्हणतो नवीन जेलकोट (फायबरवरचा रंगीत बाहेरचा थर) करू. महाशिवरात्रीच्या यात्रेला चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमावर गर्दी होते, त्याआधी होडी तयार हवी.

माझं मत आधीच सांगतो. ऑइल पेंट अजिबात नको, आणि बाकी कुठलाही रंग मारण्याआधी मूळचा जेलकोट किती शिल्लक आहे ते बघा. तुम्ही लिहिलंय त्यावरून मला वाटतं, तुमची होडी रंग न मारताही बरीच सुधारेल.

फायबरची होडी साच्यात बनते तेव्हा सगळ्यात आधी साच्यावर रंगीत रेझिनचा, म्हणजे सुकून कडक होणाऱ्या चिकट द्रवाचा, थर मारतात. तोच जेलकोट. जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. त्याच्यामागे काचेच्या धाग्यांची मॅट आणि रेझिन. म्हणजे तुमच्या होडीचा निळा हा वरून लावलेला रंग नाही, तो त्या अर्ध्या मिलिमीटरभर आत मुरलेला आहे. उन्हातले अतिनील किरण वरच्या पृष्ठभागातलं रेझिन तोडतात, ते भुसभुशीत होतं आणि रंगाचे कण सुटे पडतात. तीच तुमच्या हाताला लागणारी पावडर. आपल्याकडे भुसावळ-जळगावला उन्हाळ्यात पारा ४४-४५ वर जातो, वरून ऊन आणि खालून पाण्याची तिरीप, त्यामुळे होडीच्या बाजू दोन्हीकडून भाजतात. होडी कायम एकाच तोंडाने बांधत असाल तर बघा, दक्षिणेकडची बाजू जास्त उडालेली असेल. गडद निळा, लाल हे रंग पांढऱ्यापेक्षा लवकर फिके दिसतात, त्यात होडी वाईट असल्याचं काही नाही.

पण मेलेला असतो तो फक्त वरचा पातळ थर. खालचा निळा अजून जिवंत असू शकतो, आणि ते कळायला एक सोपी तपासणी आहे. बाजूवर हातभर जागा साबणाने धुवा, वाळू द्या, मग ओल्या फडक्याने पुसा. ओली असताना जुना गडद निळा परत दिसला आणि वाळल्यावर पुन्हा पांढरा झाला, तर पॉलिशने काम होणार. ओली असतानाही डाग-डाग, फिकटच राहिली तर थर पातळ झालाय. दुसरी खूण म्हणजे काचेच्या मॅटचे धागे. निळ्याखालून कुठे धाग्यांची जाळी डोकावत असेल तर तिथे घासायला काही उरलेलंच नाही. होडीची नाळ (पुढचं टोक), कडा आणि काठावर ओढताना घासला जाणारा तळ, या जागा आधी जातात.

तपासणी चांगली आली तर काम असं करा. होडी पाण्यापासून लांब, वर घ्या. घासकामाचा गाळ धरणात जाता कामा नये. त्या पाण्यावर मासे आहेत, हिवाळ्यात येणारे पक्षी आहेत आणि गावंच्या गावं तेच पाणी पितात. साबणाने धुतल्यावर पाण्याच्या रेषेवर पांढऱ्या क्षाराचा कडक पट्टा राहील, कारण आपलं पाणी जड आहे. त्यावर किराणा दुकानात मिळणारं लिंबाचं फूल (सायट्रिक ॲसिड) पाण्यात विरघळवून लावा, थोडं थांबा, नायलॉनच्या ब्रशने घासा आणि भरपूर पाण्याने धुवा. संडास साफ करायचं ॲसिड कोणी सुचवेल, ते लावू नका. बोल्ट आणि पट्ट्या गंजतात, जेलकोटही खराब होतो.

मग वॉटर पेपर, म्हणजे पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर. पावडर हलकी असेल तर पेपरची गरजच नाही, थेट रबिंग कंपाउंड (घासून चमक आणणारी पेस्ट) घ्या. जास्त असेल तर ८०० नंबरपासून सुरू करा, मग १०००, मग १५००. कायम ओला ठेवून, लाकडाच्या किंवा रबराच्या ठोकळ्यावर गुंडाळून. नुसत्या बोटांनी घासलं तर बोटांच्या रेषेत खड्डे पडतात. सुरुवातीला पेपरखालून दुधासारखं फिकट निळं पाणी येईल, ती मेलेली पावडर. पाण्याचा रंग गडद व्हायला लागला आणि पेपर एकसारखा घसरायला लागला की थांबा, तुम्ही चांगल्या थरावर पोचलात. प्रत्येक नंबरनंतर जागा पूर्ण वाळवून तिरप्या उजेडात बघा. पाण्यात ओरखडे लपतात, आणि ८०० चे ओरखडे राहिले तर पुढे कितीही पॉलिश केलं तरी ते उन्हात दिसतात. कडांवर मास्किंग टेप लावून ठेवा, तिथलं काम शेवटी हातानेच करायचं.

कंपाउंड मात्र मशीननेच. हाताने १८ फूट दोन्ही बाजू करायला गेलात तर खांदे जातील आणि चमक येणार नाही. गाड्यांचं रबिंग करणाऱ्याकडे बफिंग मशीन भाड्याने मिळतं. लोकरीचा पॅड, वेग १२०० ते १५०० फेऱ्यांच्या आसपास. एका वेळी दोन फूट बाय दोन फूट एवढीच जागा घ्या आणि मशीन सतत सरकत ठेवा. एका जागी थांबलं की जेलकोट तापतो आणि जळका डाग पडतो, तो मग निघत नाही. हे काम सावलीत करायचं. उन्हात कंपाउंड लगेच सुकतं आणि पॅड कोरडा फिरतो. तळहात टेकवल्यावर बाजू गरम लागत असेल तर तेव्हा सुरूच करू नका.

चमक आली म्हणजे झालं असं समजून बहुतेक लोक इथेच थांबतात, आणि दुसऱ्या उन्हाळ्यात होडी पुन्हा पांढरी होते. उघडा पडलेला नवा पृष्ठभाग झाकायलाच हवा. चांगल्या पेस्ट वॅक्सचे दोन हात द्या, मधे पुसून. पाणी केळीच्या पानावरून ओघळतं तसं ओघळायला लागलं की वॅक्स बसलं. पाणी पसरायला लागलं की पुन्हा लावायचं. आपल्या उन्हात तीन-चार महिन्यांनी तरी बघावं, आणि पावसाळ्यानंतर हमखास. धरणाचे ४१ दरवाजे उघडतात त्या दिवसांत गाळाचं पाणी बाजूंना घासत असतं. फक्त एक कळकळीने सांगतो, आतली फळी, बसायची बाकं आणि चढायची जागा यांना वॅक्स लावू नका. ओल्या पायाने यात्रेकरू चढतात, लहान पोरं असतात.

बाजारात एक पातळ, नुसतं फडक्याने लावायचं ॲक्रिलिक पॉलिशही मिळतं. लगेच चमकतं, पण उन्हाने पिवळं पडून पापुद्रे निघायला लागतात आणि ते काढणं हे वेगळंच काम होऊन बसतं. मी सुचवणार नाही.

आता तपासणीत थर पातळ निघाला तर. तेव्हा रंग लागेलच, आणि तो टू-पॅक पीयू लावा, म्हणजे रंग आणि हार्डनर असे दोन डबे मिसळून लावायचा पॉलियुरेथेन रंग, खाली इपॉक्सी प्रायमर (रंगाआधीचा पकड देणारा थर). ऑइल पेंटला माझा विरोध का, तर तो पाण्याच्या सहवासात मऊ पडतो, दोन उन्हाळ्यांत त्याचीच पावडर होते, आणि नंतर त्यावर पीयू मारायला गेलात तर पीयूचं थिनर त्याला सुरकुत्या पाडतं. म्हणजे आज वाचवलेले पैसे उद्या सगळा ऑइल पेंट खरवडण्यात जातात. पीयू नीट बसला तर बरीच वर्षं चमक धरतो.

नीट बसण्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जुनं वॅक्स आणि सिलिकॉन काढणं, आणि तेही पेपर मारण्याआधी. आधी पेपर मारला तर वॅक्स ओरखड्यांत ढकललं जातं आणि रंगात माशाच्या डोळ्यासारखी भोकं पडतात. एका फडक्याने थिनर लावायचं आणि ते ओलं असतानाच दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसायचं, फडकी सारखी बदलत. १८ फुटी होडीच्या बाजू आणि मागची फळी मिळून साधारण ९-१० चौरस मीटर भरतात, म्हणजे एका हाताला लिटरभराच्या आसपास रंग.

पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. स्प्रे केल्यावर त्याचा धुरळा छातीत गेला तर कायमचा दमा लागू शकतो. नाकावर रुमाल किंवा साधा कापडी मास्क त्याला अडवत नाही. बाहेरून हवा पुरवणारा मास्क पेंटरकडे नसेल तर स्प्रे करूच देऊ नका, फोमच्या रोलरने लावून लगेच वरून मऊ ब्रश हलका फिरवा. तसंही छान बसतं. हातमोजे तेव्हाही हवेतच.

पीयू फक्त पाण्याच्या रेषेच्या वर. कायम पाण्यात राहणाऱ्या भागावर त्याला फोड येतात. शिवाय तुमची होडी काठावर गोट्यांवरून ओढली जाते, तिथे रंगाचा थर जेमतेम ०.१ मिलिमीटर, टिकणार कसा? तळ घासला गेला असेल तर तिथे जेलकोटचंच काम करा. तळाला आधीच फोड असतील आणि फोडल्यावर आतून आंबट वासाचं पाणी आलं, तर फायबरमध्ये पाणी मुरलंय. ते पूर्ण वाळल्याशिवाय वरून काहीही झाकू नका.

संपूर्ण बाजूंना नवा जेलकोट करायचा फायबरवाल्याचा सल्ला चुकीचा नाही, पण तुम्हाला तो फार महाग पडेल. साच्यात जेलकोट गुळगुळीत निघतो, कारण साचा गुळगुळीत असतो. बाहेरून मारलेला संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत बसतो आणि मग वर सांगितलेलं सगळं घासकाम नव्याने करावं लागतं. चौरस मीटरला ६०० ग्रॅमच्या आसपास धरला तरी सहा किलो माल, आणि मजुरी त्याच्या कितीतरी पट. मॅट दिसते तेवढेच ठिगळ करून घ्या. शेवटच्या हातात वॅक्सचं द्रावण घालायला सांगा, नाहीतर हवेत पृष्ठभाग चिकट राहतो. घरी करणार असाल तर कोबाल्ट आणि कॅटलिस्ट (जेलकोट सुकवायला घालायची दोन रसायनं) कधीही थेट एकमेकांत ओतू नका, भडका उडतो. कोबाल्ट आधी जेलकोटमध्ये पूर्ण ढवळायचं आणि मगच कॅटलिस्ट, दीड ते दोन टक्के.

वेळेचं म्हणाल तर आपला हिवाळा या कामाला उत्तम, हवा कोरडी असते. पण पहाटे पारा दहाच्या आसपास येतो, तेव्हा रेझिन आणि पीयू दोन्ही नीट सुकत नाहीत. सकाळी दहानंतर सुरू करा, दुपारी तीनपर्यंत शेवटचा हात संपवा, म्हणजे दव पडायच्या आत वरचा थर धरतो. रंगकाम यात्रेच्या निदान आठवडाभर आधी संपलं पाहिजे, पीयू हाताला सुकला तरी आतून कडक व्हायला तेवढे दिवस लागतात.

आणि होडी बांधता तिथे चार बांबू ठोकून केळीच्या रोपवाटिकेत वापरतात तसली शेडनेट ताणा. ताडपत्री थेट अंगावर टाकू नका, खाली दमट राहून डाग पडतात. नेट होडीपासून हातभर वर असू द्या, वारं खेळलं पाहिजे.