सी प्लस प्लसमध्ये टेम्प्लेटने स्वतःची छोटी भाषा बनवायचीय, सुरुवात कुठून करू?

मांडवीच्या भरती-ओहोटीच्या रीडिंगवर गणितं लिहायला सी प्लस प्लसच्या आतच छोटी भाषा हवी म्हणतोस, तर आधी एक्स्प्रेशन टेम्प्लेट समजून घे रे, बाकी नंतर. पाणी + वारा * गुणक लिहिलं की साधा ऑपरेटर लगेच हिशोब करतो आणि मधेच अख्खा तात्पुरता ॲरे बनवतो, एक्स्प्रेशन टेम्प्लेटमध्ये तो काहीच मोजत नाही, फक्त 'बेरीज, डावीकडे हे, उजवीकडे ते' असा ऑब्जेक्ट परत देतो आणि शेवटी = आलं की एकाच लूपमध्ये सगळं उरकतं. आयडिया १९९५ च्या आसपासची, ब्लिट्झ प्लस प्लस या लायब्ररीने गाजवली, आयगेन ही मॅट्रिक्सच्या गणिताची लायब्ररी आजही तेच करते.

पण ऑटो (टाइप कंपायलरलाच ठरवू देणारा कीवर्ड) जपून वापर! त्यात उत्तर नाही, ते एक्स्प्रेशनच येतं, आणि आतला रेफरन्स तात्पुरत्या ऑब्जेक्टचा असला तर ओळ संपताच तो मेला. एरर पानभर येतात, सी प्लस प्लस २० चे कॉन्सेप्ट (टेम्प्लेटला कुठले टाइप चालतील याच्या अटी) लावलेस तर जरा वाचवतात तरी. बूस्ट प्रोटो ही अशाच भाषा बनवायची लायब्ररी, पण नवीन कामाला नकोच, कंपाइल होईपर्यंत भाजी-पाव खाऊन होतो. आणि घातासाठी ^ घेऊ नको, ते बेरजेच्याही नंतर लागतं आणि हा क्रम बदलता येत नाही, सरळ फंक्शन ठेव.