कबड्डीचा पहिला सामना हरलेल्या चढाईपटूला

भाऊ, एका हारीने मैदान सोडू नकोस. पाय चांगले आहेत तुझे, घाई तेवढी आवर.

सध्या दोनच गोष्टी सांभाळ. पहिली, निदान रेषा, म्हणजे समोरच्यांच्या अंगणात आखलेली ती रेघ. कुणाला न शिवता, ती न ओलांडता परतलास की बाद. नवी पोरं इथेच फसतात.

दुसरी, आघाडी. चोपड्याकडच्या एका स्पर्धेत मध्यंतराला आम्ही ११ गुणांनी पुढे होतो. समोर तीनच गडी उरलेले, मी बेफिकीरपणे हात लांबवला आणि कोपऱ्यातल्याने घोटा धरला. सुपर टॅकलचे, म्हणजे तीन किंवा कमी गड्यांनी केलेल्या पकडीचे, २ गुण गेले, पुढे आमच्यावरच लोण चढला, म्हणजे आमचे सगळे गडी बाद झाले. सामना गेला. तो घोटा अजून आठवतो.

भारताचंही तेच झालं. १९९० पासून आशियाई स्पर्धेतलं प्रत्येक सुवर्ण आपलं, पण २०१८ला जकार्तात उपांत्य फेरीत इराणने २७-१८ ने हरवलं. हेच इराणी २०१० आणि २०१४ची फायनल आपल्याकडून हरले होते, तरी येत राहिले. मला त्यांचा फार आदर वाटतो.

उद्या केळीला पाणी सोडून साडेसहाला ये. आठवडाभर फक्त पायांची हालचाल. डुबकी, म्हणजे वाकून पकडीखालून निसटणं, दिवाळीनंतर शिकवतो.