शुश्रूषा: कोणाचं ऐकायचं?

चोपड्याला नर्सिंगच्या मुलींना शिकवणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आलाय. टिपण लिहायचंय, तर 'मॉरल सेन्सिटिव्हिटी'ला 'नैतिक संवेदनशीलता' म्हणू की 'नैतिक संवेदनक्षमता'? शिवाय 'एम्पथी'ला 'सहानुभूती' बरोबर की 'समानुभूती'? आणि शेवटी जाता जाता लिहिलंय, 'सुश्रुषेसाठी लागणारे मनाचे गुण मुलींना समजावून सांगायचे आहेत.'

ताई, प्रश्न राहू द्या बाजूला, आधी हे शेवटचं वाक्य. 'सुश्रुषा' असा शब्द नाही. धुळ्याहून जळगावला येताना हमरस्त्यावर हा शब्द तीन पाट्यांवर भेटतो आणि तिन्ही वेळा माझी मान गाडीच्या खिडकीबाहेर जाते. 12 मेच्या परिचारिका दिनाला एका वक्त्यानं माईकवरून सांगितलं, 'सु म्हणजे चांगली, म्हणून चांगली सेवा ती सुश्रुषा.' दुसऱ्यानं त्यावर कडी केली: सुश्रुतावरून सुश्रुषा! टाळ्याही पडल्या.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर दोन ओळींत आटोपतो. कातडी संवेदनक्षम असते, माणूस संवेदनशील. पण निवडणुका आल्या की 'संवेदनशील मतदान केंद्र' सुरू होतं, म्हणजे जिथे दगडफेकीची भीती ते. त्या शब्दाचा जीव गेलाय. 'नैतिक जाण' म्हणा, मोकळे व्हा. जेम्स रेस्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं नैतिक वागण्याचे चार भाग पाडले, त्यातला पहिला हाच: समोर काही नैतिक प्रश्न उभा आहे हे मुळात लक्षात येणं. निवाडा, इच्छा, चिकाटी हे त्यापुढचं. लक्षात येण्याला मराठीत जाण म्हणतात.

आता शुश्रूषा. धातू 'श्रु', म्हणजे ऐकणे. ज्ञा पासून जिज्ञासा, जाणून घ्यायची इच्छा. पा पासून पिपासा, प्यायची इच्छा. तशी श्रु पासून शुश्रूषा, ऐकायची इच्छा! सेवा नाही, पट्ट्या बांधणं नाही, ताप मोजणं नाही. मूळ अर्थ एवढाच की या माणसाचं मला ऐकायचंय. (सुश्रुतातही हाच श्रु बसलाय, 'चांगलं ऐकलेला'. म्हणजे तो दुसरा वक्ता चुकला, पण चुलत घराण्यातच चुकला.)

पाणिनीचं एक सूत्र आहे, 'ज्ञाश्रुस्मृदृशां सनः'. विषय रूक्ष, या चार धातूंची इच्छार्थी रूपं आत्मनेपदी, म्हणजे संस्कृत क्रियापदांच्या प्रत्ययांच्या दोन संचांपैकी एकानं, चालतात इतकाच. पण ते चार धातू ओळीनं वाचा: जाणायची इच्छा, ऐकायची इच्छा, आठवायची इच्छा, पाहायची इच्छा. नर्सिंगच्या मुलीला याहून वेगळं काय शिकवणार आहात? मी हे अमळनेरच्या एका निवृत्त संस्कृत शिक्षकांना सांगितलं तर म्हणाले, सूत्र रूपांचं आहे, त्यात मानसशास्त्र उकरू नका. आणि शुश्रूषा म्हणजे सेवा, योगापेक्षा, म्हणजे व्युत्पत्तीच्या अर्थापेक्षा, रूढी बलवान. मी म्हटलं, मग उद्या 'सुश्रुषा' रूढ होईल, ती चालेल का सर? सरांनी चहा मागवला.

रूढी कशी सरकली ते मात्र मजेदार आहे, आणि त्यासाठी संस्कृतही लागत नाही. आपलं 'ऐकणं' बघा. 'सिस्टर म्हातारीचं ऐकते' म्हणजे कान देते. 'सिस्टर डॉक्टरांचं ऐकते' म्हणजे सांगितलं तसं करते. क्रियापद एकच! शुश्रूषाही अशीच घसरली: ऐकायची इच्छा, मग आज्ञेत राहणं, मग चाकरी. गिरनारच्या शिलालेखात अशोक आईबापांची 'सुस्रूसा' चांगली म्हणतो, ती आज्ञेत राहण्याची. (तिथे 'सु' आहे म्हणून हुरळू नका, तो प्राकृतात लिहीत होता.) मनुस्मृतीनं तर शूद्राला हे एकच काम नेमून दिलं. 1953ची आंतरराष्ट्रीय परिचारिका संहिताही त्याच वाटेवर होती, डॉक्टरांचे आदेश निष्ठेनं पाळा म्हणणारी. 1973च्या सुधारणेत ते बदललं, परिचारिकेची पहिली जबाबदारी ज्याला परिचर्या हवी त्या माणसाशी असं ठरलं. 'ऐकणं'चा एक अर्थ खाली ठेवून दुसरा उचलला, इतकंच झालं. पण त्याला दोन दशकं लागली.

गेल्या पावसाळ्यात आईला जळगावला दवाखान्यात ठेवलं होतं. रात्री सिस्टर गोळी घेऊन आली. आईला काहीही विचारा, उत्तर ठरलेलं: 'काहीच नही, बरं शे माय.' मीही तेच ऐकत होतो. सिस्टरनं पेन टेकवलं होतं, पण आईच्या बोटांत चादरीची किनार पिळली जात होती, ती तिला दिसली. पेन खिशात घातलं, खाटेच्या कडेला बसली. 'खरं सांग ना माय.' मग आई हळूच म्हणाली, 'रातभर डोया लागना नही. पोटमा आग पडी ऱ्हायनी.' जेवणाचा डबा तसाच झाकलेला होता, आणि दुखण्याची गोळी उपाशीपोटी चालली होती. कागदावर गोळी द्यायचा हुकूम होता. तिनं ती परत पुडीत ठेवली आणि डॉक्टरांना फोन लावला. पोरगी बाविशीची असेल.

लोक इथे चरक काढतात. परिचारकाचे चार गुण: उपचारांचं ज्ञान, कामातलं कौशल्य, रुग्णावर माया, शुचिता. श्लोक सुंदर, पण त्यात ऐकणं कुठे? माया करणारे नातेवाईक वॉर्डात ढिगानं असतात, त्यातलाच मी एक. त्यापेक्षा विनयपिटकातली, म्हणजे बौद्ध भिक्षूंच्या नियमांच्या ग्रंथातली, यादी मला पटते. शुश्रूषा करणाऱ्यानं मलमूत्र, थुंकी, ओकारी काढताना किळस करू नये, आणि लाभासाठी नव्हे तर मैत्रीच्या मनानं करावं, असं स्पष्ट म्हटलंय. किळशीचं नाव घ्यायला धाडस लागतं. तुमच्या टिपणात तो शब्द आहे का?

हां, सहानुभूती-समानुभूती राहिलंच. पुस्तकांत 'समानुभूती' चालते, परीक्षेपुरतं तेच लिहायला सांगा. मला मात्र तो शब्द खोटा वाटतो. बाविशीच्या पोरीला अठ्ठ्याहत्तरीच्या पोटातली आग 'समान' कशी अनुभवता येईल? 'अनुकंपा' खरा होता, दुसरा थरथरला की मागोमाग आपणही थरथरणं. पण आता अनुकंपा म्हटलं की बाप गेल्यावर लागलेली नोकरीच आठवते.

आणि लिहिताना: पहिला 'शु' ऱ्हस्व, मधला 'श्रू' दीर्घ, शेवटी पोटफोड्या 'ष'. पाटी करायची झाली तर पेंटरला कागदावर लिहून द्या. तोंडी सांगाल तर तो ऐकू आलं तसं रंगवेल.