पन्हळ कोणती लावू? आगोटीआधीची प्रश्नोत्तरे

शाकारणीचे दिवस आले की एकच प्रश्न निरनिराळ्या गावांहून येतो. छपराच्या कडेला पाणी झेलणारी पन्हळ अर्धगोल घ्यावी की चौकोनी, पत्र्याची की पीव्हीसीची? आकार सगळे विचारतात. त्या पन्हळीतलं पाणी खाली कशातून उतरणार, हे मात्र शंभरात एखादाच विचारतो. गोंधळ तोच तो असल्यामुळे या वेळी निवडक प्रश्न एकत्रच घेतले आहेत. घर न बघता दिलेलं उत्तर अर्धवट असतं, हे लक्षात ठेवूनच वाचा.

प्रश्न (संगमेश्वर): मंगलोरी कौलांचं जुनं घर आहे. पुढच्या वळचणीला अर्धगोल पन्हळ बरी की चौकोनी?

कौलारू घराला अर्धगोल. गोल तळात पाणी थोडं असलं तरी वेगाने वाहतं आणि माती, शेवाळ, कौलांचा चुरा सोबत घेऊन जातं. चौकोनीच्या दोन्ही कोपऱ्यांत तोच गाळ बसतो आणि पत्रा तिथूनच सडायला लागतो. चौकोनी पन्हळीत पाणी जास्त मावतं, हे खरं आहे. पण मावलेल्या पाण्याला वजनही असतं. ६ बाय ६ इंचाची चौकोनी पन्हळ तुंबून काठोकाठ भरली तर फुटाला सुमारे ७ किलो भार येतो, ६ इंची अर्धगोल भरली तर पावणेतीन किलोच्या आसपास. जुन्या वाशांची टोकं हा भार पेलतील का, हे सुताराने टोकात टोचा घालून बघायचं असतं. टोचा आत शिरला तर आधी वासा बदला, मग पन्हळीचं बघू.

लावताना दोन गोष्टी. शेवटच्या ओळीचं कौल पन्हळीत दोनेक इंच आत यायला हवं, नाहीतर बारीक पावसात पाणी कौलाच्या खालच्या अंगाने मागे सरकून वाशावर उतरतं. आणि पन्हळीचा बाहेरचा काठ भिंतीकडच्या काठापेक्षा अर्धा इंच खाली ठेवा. कधीतरी भरून सांडणारच आहे, तर अंगणात सांडू दे, चिऱ्याच्या भिंतीवर नको.

प्रश्न (देवगड): घर खाडीच्या तोंडाशी आहे. जीआय पत्रा (जस्ताचा थर दिलेला लोखंडी पत्रा), पीव्हीसी की ॲल्युमिनियम? फॅब्रिकेटर म्हणतो, जीआयला पंधरा वर्षं काही होत नाही.

त्याला ‘पंधरा वर्षं’ बिलावर लिहून द्यायला सांगा.

खाऱ्या वाऱ्यात साधा जीआय पत्रा घेऊ नका. घ्यायचाच झाला तर जस्ताचा थर किती ते विचारा. चौरस मीटरला १२० ग्रॅम जस्ताचा पत्रा आणि २७५ ग्रॅमचा पत्रा दुकानात सारखेच चमकतात, फरक तिसऱ्या पावसाळ्यात कळतो. गेजची, म्हणजे पत्र्याच्या जाडीच्या आकड्याची, फसवणूकही चालते. आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ, हे गिऱ्हाइकाला ठाऊक नसतं, त्यामुळे २६ गेज ‘२४ पेक्षा भारी’ म्हणून खपवलेला मी पाहिला आहे. रंगीत पत्र्यात तर रंगाची जाडीही पत्र्यात मोजतात. जाडी मिलिमीटरमध्ये लिहून घ्या, आणि ती रंगाशिवायची.

तुमच्याकडे जाड ॲल्युमिनियम किंवा पीव्हीसी. ॲल्युमिनियमला ओलं सिमेंट चालत नाही, म्हणून गिलावा आधी पुरा करा आणि पन्हळ नंतर चढवा. पीव्हीसी गंजत नाही, पण उन्हाने वाढते आणि थंडीने आखडते. ४० फुटांच्या लांबीत हा फरक पाऊण ते एक इंच पडतो. रबरी सांधे दिलेले असतात ते याचसाठी. आमचे कारागीर ‘गळायला नको’ म्हणून सगळे सांधे सोल्युशनने चिकटवतात, वर स्क्रू आवळतात आणि मे महिन्यात पन्हळ सापासारखी वळली की कंपनीला शिव्या देतात. खिळे-स्क्रू कोणत्या धातूचे वापरायचे हे वस्तू ठरल्यावर एखाद्या जाणत्याकडून तपासून घ्या. सगळे धातू एकमेकांशेजारी सुखाने नांदत नाहीत.

प्रश्न (पेण): पन्हळीला उतार द्यावाच लागतो का? तिरकी दिसते.

हो. दहा फुटांना अर्धा इंच, तेवढा डोळ्याला दिसतही नाही.

प्रश्न (चिपळूण): मागच्या वर्षी ६ इंची पन्हळ बसवली. जोराच्या सरीत पाणी तरीही काठावरून उडतं. ठेकेदार म्हणतो, ८ इंची लावू. छपराची ती बाजू ४० फूट लांब आणि १६ फूट रुंद आहे. खाली उतरणारा पाईप एका टोकाला, तीन इंची.

शेवटचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय, आणि सगळं दुखणं त्यातच आहे.

हिशेब करू. तुमच्या छपराची ती बाजू ६४० चौरस फूट, म्हणजे साठेक चौरस मीटर. एक मिलिमीटर पाऊस एका चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी होतं. तासाला १०० मिलिमीटर या वेगाची सर आली तर मिनिटाला सुमारे १०० लिटर पाणी, म्हणजे दर मिनिटाला सहा-सात बादल्या, त्या एका वळचणीतून उतरणार. तुम्ही म्हणाल, तासात १०० मिलिमीटर म्हणजे ढगफुटी, ती काय रोज होते? होत नाही. पण पन्हळीला तासाशी कर्तव्य नसतं. दहा मिनिटांची सर त्या वेगाने आली की ती भरते, आणि अशा सरी कोकणात आषाढात कौतुकाच्या नाहीत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवसासाठी कुणी पन्हळ बांधत नाही, बांधूही नये. नेहमीच्या जोराच्या सरीसाठी मात्र बांधायलाच हवी.

आता पाईप. आपल्याकडे पावसाच्या पाण्याच्या पाईपांसाठी जो तक्ता वापरतात, त्यात १०० मिलिमीटरच्या वेगाला तीन इंची (७५ मिलिमीटर) पाईप साधारण २०.४ चौरस मीटर छपराचं पाणी उतरवतो. म्हणजे जेमतेम २२० चौरस फूट. चार इंची पाईप ४२.७ चौरस मीटर, म्हणजे ४६० चौरस फुटांच्या आसपास. व्यास एका इंचाने वाढला आणि काम दुपटीहून जास्त झालं, हे नीट बघा. तुमच्या ६४० चौरस फुटांच्या पाण्यावर तीन इंची एकच पाईप! पन्हळ ८ इंची करा नाहीतर १२ इंची, ती फक्त भरायला दोन मिनिटं जास्त घेईल. मग सांडेलच, आणि तोवर पन्हळ धरणाऱ्या ब्रॅकेटवर दुप्पट वजन लटकलेलं असेल.

उपाय स्वस्त आहे, म्हणूनच बहुधा ठेकेदाराने सांगितला नाही. आहे ती पन्हळ ठेवा. मधोमध उंच करून दोन्ही टोकांकडे उतार द्या आणि दोन्ही टोकांना चार इंची पाईप उतरवा. प्रत्येकाच्या वाट्याला ३२० चौरस फूट येतील. सरीचा वेग १५० मिलिमीटर धरला तर चार इंची पाईपची ताकद ३०७ चौरस फुटांवर येते, म्हणजे तेव्हाही तुम्ही काठावर आहात. घाटाच्या पायथ्याशी असाल तर तिसरा पाईप घाला.

तरीही पाईप बदलण्याआधी शिडी लावून पन्हळीतलं भोक बघा. बहुतेक घरांत मला हेच दिसतं: करवतीने वेडंवाकडं भोक पाडलेलं, त्यात पाईप खालून खुपसलेला, त्याची कड तळाच्या वर अर्धा इंच आलेली आणि भोवती सिलिकॉनचा लेप. त्या अर्ध्या इंचाखालचं पाणी कधी जातच नाही. तिथे आधी डास होतात, मग गंज, मग ‘पन्हळच खराब निघाली’ ही तक्रार. तिथे नाळक्यासारखी (नरसाळ्यासारखी) खाली निमुळती होणारी पेटी हवी, तिचं तोंड पाईपपेक्षा मोठं आणि काठ पन्हळीच्या तळाखाली. पाणी पाईपमध्ये शिरताना जिथे अडतं तिथेच सगळं अडतं. पुढे पाईप कितीही मोठा असला तरी उपयोग नाही. त्यानंतर पाईपचे कोपरे मोजा. वळचणीपासून भिंतीपर्यंत दोन कोपरे चालतात. ‘शोभेसाठी’ पाच कोपरे देऊन खिडकीला वळसा घातलेला असेल तर तिथे आंब्याचं एक पान आडवं व्हायचीच खोटी.

आणि पाईप खाली जोत्याच्या पायाशी मोकळा सोडलेला नसावा. छपराचं सगळं पाणी एका जागी आणून पायात जिरवायचं, यापेक्षा पन्हळ नसलेली बरी. दगडी नाली किंवा शोषखड्डा, जे काही कराल ते पायापासून लांब. किती लांब, हे माती आणि उतार बघून स्थापत्य अभियंत्याला ठरवू द्या.

प्रश्न (मुळशी): व्हिडिओत परदेशी घरांना बिनसांध्याची, पुढून नक्षीदार पन्हळ असते. तशीच हवी. तांब्याची मिळाली तर आणखी छान.

ती तिकडे सर्रास पाच इंची असते, तिकडच्या पावसाच्या हिशेबाने. तुमच्या ताम्हिणीकडच्या पावसाला ती पुरेल का, हे वरच्या उत्तरातला हिशेब करून बघा. ‘बिनसांध्याची’ म्हणजे सरळ लांबीत सांधा नाही. कोपऱ्यांवर, टोकांना आणि पाईपच्या तोंडाशी सांधे असतातच, आणि गळतंही तिथेच. जाहिरातीत हे सांगत नाहीत.

तांबं उत्तम आहे, परवडत असेल तर लावा. फक्त तांब्यावरून आलेलं पाणी जस्ताच्या पत्र्यावर किंवा ॲल्युमिनियमवर पडता कामा नये, ते त्यांना खातं. खाली पडवीला जीआय पत्रा असेल तर तांब्याचा विचार सोडा.

प्रश्न (गुहागर): पन्हळीवर जाळी बसवली की ‘पुन्हा कधी साफ करावी लागत नाही’, असं विक्रेता म्हणतो. घरावर फणस आणि मागे बांबू आहे.

असं विकणाऱ्याला श्रावणात तुमच्या शिडीवर चढवा. फणसाचं पान जाळीवर ओलं चिकटतं आणि पाणी त्यावरून थेट अंगणात जातं. बांबूचं पान बारीक, ते जाळीतून आत शिरतं आणि मग जाळी उचलल्याशिवाय निघत नाही. जाळीने काम कमी होतं, संपत नाही. पाईपच्या तोंडावर फुग्याच्या आकाराची तारेची टोपी बसवा, ती स्वस्त आणि उपयोगी. साफसफाई मेअखेर एकदा आणि पहिल्या आठ-दहा दिवसांच्या पावसानंतर पुन्हा, कारण छपरावरचा वर्षभराचा कचरा तेव्हाच खाली येतो.

प्रश्न (आंबोली): आमच्याकडच्या पावसात पन्हळ टिकतच नाही, वारा उपटतो. लावायलाच हवी का?

नाही.

वळचण अडीच-तीन फूट पुढे असेल आणि पागोळ्या पडतात तिथे जांभ्याची फरशी किंवा खडीचा पट्टा, त्यापुढे उताराची नाली असेल, तर तीन बाजूंना पन्हळ नसलेली चालते. जुन्या माणसांनी रुंद वळचणी हौस म्हणून काढल्या नव्हत्या. दारावर आणि पायऱ्यांवर तेवढी छोटी पन्हळ लावा, ब्रॅकेट दीड-दीड फुटावर. इतरांसाठी: ब्रॅकेट दोन फुटांवर पुरतात, चार फुटांवर मारून देणाऱ्याला परत पाठवा. मात्र उघडी माती आणि वळचण फूटभर, असं असेल तर हे उत्तर तुमच्यासाठी नाही. उडणारं चिखलपाणी जोत्याचा गिलावा खातं. फोटो काढून जवळच्या अभियंत्याला दाखवा.

प्रश्न (अलिबाग): शेजाऱ्याच्या नव्या पत्र्याच्या पागोळ्या आमच्या अंगणात पडतात. तो म्हणतो, ‘वीस वर्षं झाली की हक्कच होतो.’

ऐकीव माहिती, पण पूर्ण खोटी नाही. भारतीय सुविधाधिकार कायदा, १८८२ मध्ये उघडपणे, विनाहरकत, विनाखंड आणि हक्काने २० वर्षं चाललेल्या वापराने हक्क मिळण्याची तरतूद आहे. पत्रा नवा आहे म्हणता, म्हणून आत्ताच बोला. पन्हळीचा खर्च निम्मा-निम्मा करून बघा. नाही जमलं तर वकील गाठा, पन्हळवाल्याला पंच करू नका.

प्रश्न (महाड): छपराचं पाणी पन्हळीतून टाकीत घेतलं तर पिता येईल का? छप्पर जुन्या सिमेंटच्या पत्र्याचं आहे.

पिऊ नका, बागेला वापरा. त्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता आहे. पन्हळ बसवताना तो कापू किंवा ड्रिल करू नका, आणि त्यावर पाय तर अजिबात देऊ नका, पत्रा फुटून माणूस खाली येतो. ब्रॅकेट वाशांवर किंवा भिंतीवर घ्या, आणि हे काम जाणत्याकडूनच करून घ्या.

प्रश्न (ठाणे): गावी कुडाळला घर आहे. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात रजा मिळेल. तेव्हा पन्हळ बसवून घेतली तर चालेल ना?

मृग लागल्यावर? शेवाळलेल्या कौलांवर माणूस चढवून? ओल्या पत्र्यावर सिलिकॉन धरत नाही, ओल्या वाशात स्क्रू नीट बसला की नाही कळत नाही, आणि त्या दिवसांत रिकामा सापडणारा कारागीर इतरांनी का सोडला असेल, याचा विचार करा. रजा मेच्या पहिल्या पंधरवड्यात टाका. तीच मिळत नसेल तर या वर्षी पन्हळ राहू दे. जूनमध्ये जाल तेव्हा छत्री घेऊन अंगणात उभे राहा आणि पाणी कुठे जास्त पडतं, कुठे साचतं, भिंत कुठवर भिजते याचे फोटो काढा. ते फोटो आणि छपराची मापं दिवाळीनंतर कुडाळच्याच एखाद्या अभियंत्याकडे द्या. तेव्हा त्याला वेळ असतो आणि फॅब्रिकेटरचा भावही उतरलेला असतो.