‘कालमापन’ की ‘कालनिश्चिती’?

फिनिशियन (आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावरच्या प्राचीन) व्यापाऱ्यांच्या जहाजांवरच्या मातीच्या कुंभांविषयी लिहिताना ‘डेटिंग’साठी, म्हणजे वस्तूचा काळ ठरवण्यासाठी, सगळीकडे ‘कालमापन’ चालेल का, असा प्रश्न आला आहे. सगळीकडे नको. या कुंभांपुरतं तरी ‘कालनिश्चिती’च लिहा.

मापन म्हटलं की काहीतरी मोजलेलं हवं. सजीवांच्या अवशेषांत काळानुसार घटत जाणाऱ्या कार्बन-१४चं प्रमाण मोजतात, तिथे कालमापन योग्यच. पण भाजलेल्या मातीचा काळ कार्बनवरून सहसा काढत नाहीत. फार तर कुंभाला आतून लावलेल्या राळेचा किंवा आत राहिलेल्या बियांचा काढता येतो. त्यातही अडचण आहेच. इ.स.पू. ८०० ते ४०० या काळात कार्बनच्या मोजमापावरून वर्षं काढण्याचा आलेख जवळजवळ सपाट होतो, म्हणून आठव्या शतकातली वस्तू कोणती आणि पाचव्यातली कोणती, हे सांगणं अवघड जातं. आणि फिनिशियन व्यापार भरात होता तो नेमका याच काळात!

मग काळ ठरतो तो घाटावरून, म्हणजे कुंभाच्या आकारावरून. इस्राएलच्या किनाऱ्यावरच्या अश्कलोनपासून दूर, सुमारे ४०० मीटर खोल समुद्रतळाशी असलेली दोन जहाजं १९९९ साली समुद्रसंशोधक रॉबर्ट बॅलार्ड आणि पुरातत्त्वज्ञ लॉरेन्स स्टेगर यांनी तपासली. त्यांना ‘टॅनिट’ आणि ‘एलिसा’ अशी नावं दिली गेली. त्यांवरचे कुंभ लांबुळके, निमुळत्या बुडाचे, दोन कानांचे. प्रत्येकात साधारण १८ लिटर वाइन मावे. अशा कुंभांच्या खांद्याचा बाक, काठाची जाडी, कानांची जागा काळानुसार बदलत गेली. तसाच घाट जमिनीवरच्या उत्खननात कोणत्या थरात येतो, ते पाहायचं. उदाहरणार्थ, आजच्या इस्राएलमधलं हाझोर नगर असिरियाचा राजा तिसरा तिग्लथ-पिलेसर याने इ.स.पू. ७३२मध्ये उद्ध्वस्त केलं. त्या विध्वंसात गाडली गेलेली भांडी नंतरची असूच शकत नाहीत. अशा तुलनेतून ही जहाजं आठव्या शतकाच्या उत्तरार्धातली ठरली. यात पुरावे जुळवून काळ निश्चित केला, मोजला नाही.

‘कालगणना’ तर नकोच; ती शक-संवतांची. ‘कालनिर्णय’ अर्थाने चपखल आहे, पण वाचकाला आधी भिंतीवरचं कॅलेंडर आठवतं. ‘रांजण’ही टाळा: रांजण एका जागी बसतो, हे कुंभ जहाजात चढवायचे-उतरवायचे.

या लांबुळक्या कुंभांना ‘टॉर्पेडो’ कुंभ असं लिहिलंत, तर सोबत ‘फिनिशियन’ जरूर जोडा. घारापुरीला मिळालेल्या, आतून डांबर लावलेल्या मेसोपोटेमियन कुंभांनाही अभ्यासक टॉर्पेडोच म्हणतात, आणि ते कितीतरी शतकं नंतरचे आहेत.